तात्या सुर्व्यांच्या अंगावरचा हलवा

"पोरीची कापडं भरून ठेवा, बाई. दुपारच्या गाडीनं न्हेतोय तिला."

दारात उभं राहून तात्या सुर्व्यांनी एवढं सांगितलं, आणि मग पायातलं पायताण काढून नीट भिंतीला लावून ठेवलं. मी स्वयंपाकघरात गॅसपाशी होते. हातातल्या पळीतून गुळाच्या पाकाची तार लोंबत होती. स्वयंपाकघराला मी मुद्दाम अर्धं दार बसवून घेतलं होतं. त्या दारापलीकडून दोन वर्षांचा चिन्मय टाचा उंच करून, तोंड उघडं ठेवून त्या तारेकडे बघत होता.

"पण वैजयंता तर म्हणाली, तुम्ही दिवसभर बसून सगळं बघणार आहात," मी म्हटलं.

"बसनार की. बघनार बी." तात्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "आन् दुपारच्या गाडीनं न्हेनार."

ही गोष्ट साताऱ्यातली, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. एसटी स्टँडच्या मागच्या आळीत दोन खोल्या घेऊन मी पाळणाघर चालवत होते. आठ-दहा पोरं, मी आणि हौसामावशी. वैजयंता सुर्वे एसटीत कंडक्टर होती. नवरा फौजेत, तिकडे लांब सरहद्दीवर. दोन वर्षांची गिरिजा दिवसभर माझ्याकडे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पाटण तालुक्यातल्या गावाहून वैजयंताच्या सासूचा हुकूम सुटला: आमची नात परक्याच्या दारात वाढणार नाही. एक तर नोकरी सोडून गावी ये, नाहीतर पोरगी आमच्याकडे पाठव. शाळेत घालायची झाली की घेऊन जा.

आदल्या संध्याकाळी वैजयंता खाकी कपड्यांतच माझ्या पायरीवर बसून रडली होती. "ही नोकरी मला कशी मिळाली ते माझं मला माहीत, ताई. सोडली तर पुन्हा मिळायची नाही. आणि गिरू तिकडे गेली तर मी हितं रोज संध्याकाळी कुणाच्या तोंडाकडे बघून घरी जाऊ? मामंजींकडून मी एक दिवस मागून घेतलाय. एक दिवस बसा, बघा, मग न्या म्हटलं."

"बघच तू," मी तिला म्हणाले. "उद्या तात्या स्वतःच्या तोंडानं म्हणतील, राहू दे पोरगी इथं."

असली वचनं देताना माझी जीभ कधी अडखळत नाही. मग रात्रभर कूस बदलत पडावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

तर तात्या आत आले. उंच, सडसडीत, डोक्याला फेटा, धोतरावर काळा कोट, आणि मिशी तर अशी, की रोज सकाळी न चुकता रडणारी जुई तिच्याकडे बघून रडायचीच विसरली. मला तो शुभशकुन वाटला. घरात मोठ्या माणसाला बसता येईल अशी हातांची एकच लाकडी खुर्ची होती. ती मी खिडकीतून ऊन येत होतं तिथे, खोलीच्या मधोमध मांडली. तात्या बसले. साताऱ्यात त्या वर्षी थंडी अशी कडाक्याची होती, की पोरांना दोन-दोन स्वेटर आणि वर माकडटोपी घालून सोडलेलं असायचं. हात कोपरात वाकत नसत. एखादं पडलं तर गडगडत भिंतीपर्यंत जायचं आणि तिथे कुणीतरी उभं करीपर्यंत छताकडे बघत पडून राहायचं.

"आज काय शिकिवनार ह्यास्नी?" तात्यांनी विचारलं.

"हलव्याचे दागिने करणार आहोत."

"तुमी?"

"मी नाही, ही पोरं."

तात्यांनी एकेकाकडे नीट बघून घेतलं. "ह्यास्नी अजून नाक पुसता येत न्हाई, बाई."

"म्हणून तर दागिन्यांपासून सुरुवात केलीय," मी म्हटलं.

संक्रांत झाली की लहान पोरांचं बोरन्हाण करतात. काळं झबलं, अंगावर हलव्याचा हार, मुकुट, बाजूबंद, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. दागिने पेठेत आयते मिळतात. पण ज्याचं बोरन्हाण त्यानंच आपले दागिने करायचे, हा माझा हट्ट. थंडीचे दिवस आले की माझ्या अंगात असलं काहीतरी संचारायचं. मार्गशीर्षात पिंपळाच्या पानांचे ठसे काढून झाले होते, कापसाची मेंढरं करून झाली होती. त्यातलं एक मेंढरू जुईनं खाल्लंही होतं.

अडचण चिकटवण्याची होती. मागच्या वर्षी पांढरा गोंद वापरला, तर निम्मा गोंद पोटात गेला आणि आया भांडायला आल्या. कणकेची खळ करून बघितली, पण तिच्यावर माझा काटेदार हलवा काही टिकेना. तेव्हा या वर्षी मला एक युक्ती सुचली. हलवा खायचा, मग डिंकही खायचाच का नको? गुळाचा पाक करायचा! जरा घट्टसर. पोरांनी चाटला तरी आनंदच. या युक्तीवर मी इतकी खूश होते, की हौसामावशीला सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं आणि तीही दोन्ही वेळा "तुमचं डोकं लईच चालतं, ताई," म्हणाली होती.

पाक कोमट झाल्यावर वाट्यांत ओतला. प्रत्येकापुढे काळ्या पुठ्ठ्याची पट्टी, बशीत हलवा, वाटीत पाक. बोट पाकात बुडवायचं, पट्टीवर रेघ ओढायची, रेघेवर हलव्याचे दाणे मांडायचे. मी करून दाखवलं. सगळ्यांनी फार लक्ष देऊन बघितलं.

चिन्मयनं बोट बुडवलं ते तोंडात घातलं. मग एक दाणा पट्टीवर ठेवला आणि एक तोंडात टाकला. मग पट्टीवरचा उचलून तोंडात टाकला. त्यानंतर त्याला पट्टीची गरज उरली नाही. जुईनं आपले सगळे दाणे शेजारच्याच्या स्वेटरवर लावले. एकानं पुठ्ठाच पाकात बुडवून कपाळाला लावून घेतला आणि तो तसाच राहिला, मुकुटासारखा. तो त्या दिवशीचा आमचा पहिला आणि शेवटचा धड दागिना.

"चाललंय झकास," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात भलतंच समाधान होतं. हा माणूस गावी जाऊन काय काय सांगेल ते मला ऐकू यायला लागलं.

"गिरिजाला इथं करमतं, तात्या," मी विषय काढला.

"करमंल की. पन आमच्याकडं अंगन हाय. दूध हाय घरचं. वासरू हाय."

"आणि खेळायला पोरं?"

"हायती की." जरा थांबून म्हणाले, "पल्याडच्या वाडीत."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? न्यावं तिला?"

"मला?" हा प्रश्न नवाच असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिच्या आजीचा हुकूम हाय. मी आपला ताबेदार."

"म्हणजे तुमचं मत असं काही नाही?"

"लगीन व्हायच्या आदी हुतं."

तेवढ्यात गिरिजा उठली. गिरिजा फार गंभीर पोर होती. मघापासून तिची पट्टी वाकत होती, निसटत होती, उलटी होऊन पाटाला चिकटत होती. तिनं आजूबाजूला बघितलं. खोलीत एकच वस्तू अशी होती जी हलत नव्हती. ती डुलत डुलत तात्यांपाशी आली, त्यांच्या गुडघ्यावर बोटानं पाकाची रेघ ओढली आणि तिच्यावर हलव्याचा एक दाणा ठेवला. दाणा राहिला. तिनं दुसरा ठेवला. तोही राहिला.

मी बघितलं. मी तिला उचलायला हवं होतं. पण तात्या त्या वेळी छताकडे नजर लावून मला वासराचं वर्णन सांगत होते, आणि धोतरावर पाक लागलाय हे कळलं तर हा माणूस याच पावली पोरीला काखोटीला मारून निघेल, अशी मला धास्ती. मग मी काय केलं? मी म्हटलं, "हो का? कुठल्या रंगाचं आहे वासरू?"

"तांबडं. कपाळावर चांद हाय."

"आणि नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. मी वासराच्या आईची चौकशी केली. आजीची केली. तोवर बाकीच्यांनी गिरिजाचं काम बघितलं होतं आणि आपापल्या वाट्या घेऊन सगळी फौज खुर्चीभोवती जमली होती. इतकं मन लावून काम करताना मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. कुणी बोलेना, कुणी कुणाला ढकलेना. वासराची लस टोचून होईस्तोवर दोन्ही गुडघ्यांना वाळे झाले, पोटरीला पैंजण झाले, कोटाच्या बाहीवर बाजूबंद चढला.

मग तात्यांनी खाली बघितलं.

"ह्ये काय?"

"दागिने," मी म्हटलं.

"कुनाचं?"

"तातांचे," गिरिजा म्हणाली.

तात्या उठायला गेले आणि खाली बसले, कारण कोटाची मागची बाजू खुर्चीला चिकटली होती. मागून कोण गेलं होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी तळव्यानं धोतर झटकलं. दाणे काही पडले नाहीत, तळवा मात्र पाकानं माखला. आणि मग, रागावलेला मिशीवाला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्या हातानं मिशीला पीळ दिला.

उजवी मिशी वर गेली आणि तिथेच राहिली. तात्यांनी ती खाली ओढली.

"आयाई गं!"

"आयाई गं!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. त्यांना वाटलं, हे गाणं आहे.

"बाई, ह्ये कशानं लावलंय?"

"गुळाच्या पाकानं."

"घट केला हुता?"

"जरा."

"ह्या थंडीत?" तात्यांनी डोळे मिटले. "जलम गुऱ्हाळावर गेला माझा. काकवीच्या काइलीपाशी उभं आयुष्य काढलं. तितं कदी आडाकलो न्हाई, आन् हितं तुमच्या खोलीत..."

पुढचं त्यांना बोलता येईना, कारण मिशीबरोबर ओठाचाही एक कोपरा वर ओढला गेला होता, आणि इतकं रागानं बोलत असूनही ते अर्धे हसताना दिसत होते. मी दात-ओठ आवळून धरले. हसले असते तर सगळं संपलं असतं.

"मावशी, गरम पाणी आणा!"

मावशी आत गेली आणि तशीच बाहेर आली. "ताई, गॅस संपला. पाकातच संपला वाटतं."

"मग चहाच्या गाडीवरून किटलीभर आणा. पळा!"

मावशी पळाली. आणि पळाली ती तासभर आलीच नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं पाणी तापत ठेवलं तेवढ्या वेळात तिनं तिथे सगळी हकीकत सांगितली असावी, कारण थोड्याच वेळात माझ्या खिडकीच्या गजांमधून अनोळखी चेहरे डोकावायला लागले.

इकडे गिरिजाला वाटलं, दागिने घातले, आता आजोबांनी आपल्याला मांडीवर घ्यायला हरकत नाही. ती चढली आणि तात्यांच्या गळ्यात पडली. तिची माकडटोपी घोंगडीला चिकटली. तिला काय झालं ते बघायला जुई चढली, ती गिरिजाच्या बाहीला चिकटली. आता मात्र तात्यांना हलायची सोयच राहिली नाही. ते दोन्ही हात अधांतरी धरून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. ती नजर मी सांगू शकत नाही. मी एक टोपी सोडवायला गेले तर माझीच बोटं अडकली.

आणि मग चिन्मयनं त्यांचा गुडघा चाटला.

एकदा चाटून बघितला, विचार केला, आणि मग बैठक मारून कामाला लागला. तो शहाणा पोरगा. मोठ्यांना गरम पाणी सुचलं, त्याला गरम जीभ सुचली. दाणे सुटायला लागले. बाकीच्यांनी बघितलं आणि सगळी तुटून पडली. कुणी पोटरीला, कुणी बाहीला. जुई हाताच्या पंजापर्यंत पोहोचली आणि एकेक बोट घेऊन बसली.

"बाई," तात्या म्हणाले. "बाई, ह्ये... आवं, काढा ह्यास्नी... आवं, तितं न्हाई... आवं, गुदगुल्या..."

बरेच दिवस बंद असलेला हापसा आधी नुसता खाकरतो आणि मग एकदम भळभळून पाणी येतं, तसं झालं. तात्यांच्या घशातून आधी दोन-तीन कोरडे आवाज आले. मग ते हसले. बारीक, चिरक्या, पोरीसारख्या आवाजात हसले. एवढ्या मोठ्या माणसातून असला आवाज निघेल असं कुणाला वाटलं असतं! पोरं क्षणभर चाटायची थांबली. मग चिन्मय हसला, मग गिरिजा, मग सगळी. खिडकीतले लोक हसायला लागले. मी इतका वेळ धरून ठेवलं होतं ते सुटलं आणि मी तिथेच फरशीवर बसले, पोट धरून. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वर नेला तर हात पाकाचा.

पोरांनी गेले चार दिवस एकमेकांच्या डोक्यावर चुरमुरे ओतायचा सराव केला होता. समोर अंगभर हलवा ल्यालेला माणूस जागच्या जागी बसलेला. त्यांनी काय करायचं? कोपऱ्यातली टोपली त्यांनी ओढत आणली. फेट्यावर मुठी-मुठींनी बोरं आणि चुरमुरे पडायला लागले. कपाळाला पुठ्ठा लावलेल्यानं आपला मुकुट मोठ्या मनानं उपटला आणि तात्यांच्या छातीवर थापला.

"माजं बोरन्हान करत्यात ह्ये!" तात्या हसता हसता ओरडले. "आवं बाई, साठी उलाटली माजी!"

तेवढ्यात स्टँडवरून गाडी सुटल्याची घंटी ऐकू आली. माझं हसू थांबलं. तात्यांचंही थांबलं. त्यांनी मान तिरकी केली.

"आमचीच व्हय?"

"तुमचीच."

ते काही बोलणार होते, पण एवढ्यात कुणीतरी कानापर्यंत पोहोचलं आणि पुन्हा तोच चिरका आवाज खोलीभर झाला.

वैजयंता दारात आली ती अशा वेळी. ड्यूटीतून जरा वेळ मागून ती लेकीला निरोप द्यायला गाडीपाशी थांबली होती, दोघं आलीच नाहीत म्हणून इकडे आली. डोळे सुजलेले. हातात गिरिजासाठी घेतलेली कंदी पेढ्यांची पुडी. तिनं आतलं दृश्य बघितलं आणि सासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घ्यायला तिचा हात आपोआप वर गेला. खाकीला पदर कुठला! हात तसाच डोक्यावर राहिला.

"मामंजी?"

"कोन, वैजू? ये. फुडनं ये, मागनं खुर्ची आलीया."

"गाडी गेली, मामंजी."

"आयकली."

"मग... उद्याच्या गाडीनं न्हेणार का?"

आता फक्त चिन्मयच्या जिभेचा आवाज येत होता. तात्यांनी छातीवर झोपाळलेल्या गिरिजाकडे बघितलं. तिच्या गालाला कोटाचं बटण लागलं होतं आणि बटणाला हलवा.

"न्हिऊन काय करू?" ते म्हणाले. मिशी वर असली तरी आता ते हसत नव्हते. "दूध हाय, वासरू हाय, समदं हाय. पन असं चाटाय तितं कोन हाय तिला? मी आन् तुजी सासू. सांजच्याला दिवा लावतो आन् भिताडाकडं बगत बसतो."

वैजयंता रडायला लागली. जुईला रडणं परिचयाचं, तिनं लगेच साथ दिली.

"रडू नगंस. आदी मला सांग," तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुज्या सासूला ह्ये सांगनार कोन?"

"तुम्हीच की, मामंजी."

"मी?" ते खुर्चीत मागे सरले. "त्यापरीस मी हितंच चिकटून ऱ्हातो."

अखेर गरम पाणी आलं. दिवेलागणीपर्यंत भिजवून, पुसून, ओढून आम्ही तात्यांना खुर्चीपासून वेगळं केलं. मिशीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "घरी पुरावा लागंल." पायताण घालताना मला म्हणाले, "मी माजं सांगतो, बाई. पन मी ताबेदार. हुकूम तिचा." आणि एकटेच शेवटच्या गाडीनं गेले.

नंतर गावाकडून काही निरोप येईना. वैजयंता रोज सकाळी पोरीला सोडताना तिला नको तितकी घट्ट धरायची. मी रोज तिला सांगायची, काही होत नाही. रोज माझं मलाच ते कमी पटायला लागलं.

आणि रथसप्तमीच्या सकाळी दार वाजलं. बाहेर एक ठेंगणी, काळीसावळी बाई उभी. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत भलं मोठं गाठोडं. मी कधी बघितलेलं नसतानाही ओळखलं. गिरिजाची आजी, गजराबाई सुर्वे.

"पाळनाघरवाल्या बाई तुमीच?"

"हो. या ना, आत या."

त्यांनी आत येऊन पोरं बघितली नाहीत, भिंती बघितल्या नाहीत. विचारलं, "खुर्ची कंची?"

मी दाखवली. खुर्चीभोवती त्यांनी एक फेरी मारली, तिच्या हातावर बोट ओढलं, बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"आमचं मालक घरी आलं ते मिशीला गूळ लावून," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं, पोरगी कुटं? तर हसाय लागलं. म्या म्हनलं, हसाय काय झालं? तर आनीकच. जेवताना हसत्यात, वैरन टाकताना हसत्यात. लगनापास्नं असं बगितलं न्हवतं मी त्यास्नी. आदी मला राग आला. मग, खरं सांगू, रडाय आलं."

"का हो, आजी?"

गजराबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. "पोरगं फौजेत गेल्यापास्नं घरात आवाज न्हाई, बाई. भांडं पडलं तरी बरं वाटतं. परक्याच्या दारात वाढती न् काय, ह्ये आपलं बोलाय. मला ती आवाजाला पायजे हुती. सुनंला कसं सांगनार असं? म्हनून हुकूम सोडला."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"ह्येनी म्हनलं, तितला आवाज एकल्या पोरीचा न्हाई. समद्यांचा मिळून हाय. एकीला उचालली तर तो संगट येत न्हाई." त्यांनी गाठोडं सोडलं. बोरं, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, उसाची कांडकी, सगळं फरशीवर सांडलं आणि पोरं चारी बाजूंनी धावली. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि हात दोन्हीकडे पसरले. "लावा."

"काय लावू?"

"ह्यास्नी लावलं त्ये."

"अहो आजी, पाक बंद केला मी. आता साखरेचा पातळ..."

"पातळ? मी काय पातळ लावून घ्याय पाटनास्नं आले व्हय? लावा गॅस."

मी गॅस लावला. या वेळी मी बिनदिक्कत घट्ट केला. कोमट झाल्यावर गिरिजानं वाटीत बोट बुडवलं, नाक फेंदारून आजीकडे बराच वेळ बघितलं आणि मनगटावर पहिला दाणा ठेवला. मग काय विचारता! बघता बघता आजी कोपरापर्यंत बांगड्यांनी भरल्या. चिन्मय त्या भरण्याचीच वाट बघत होता.

आजी तात्यांसारख्या हसल्या नाहीत. त्या खदाखदा, मांड्या थोपटत, शेजारच्या आळीत ऐकू जाईल असं हसल्या.

सासू स्टँडवर उतरल्याचं कुणीतरी वैजयंताला सांगितलं असणार. ती धावतच आली. खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी, श्वास लागलेला. दारात थबकली. हात डोक्याकडे गेला.

"आत्याबाई, गिरूला... तुम्ही गिरूला न्यायला..."

गजराबाईंनी तिच्याकडे बघितलं. एका हाताला जुई होती, एका हाताला चिन्मय, मांडीवर गिरिजा आणि केसांत चुरमुरे.

"डोस्क्यावरचा हात खाली घे आन् जा गाडीवर," त्या म्हणाल्या. "हितं आमी कामात हाय."